पट्टा घसरतो, सरकतो की उतरतो?

गिरगावची अनुवादक: इंग्लंडमधल्या एका जुन्या शेतावरचं मळणी यंत्र, कडबा कुट्टी आणि त्यांची सपाट पट्ट्यांची (बेल्टची) यंत्रणा पुन्हा चालती करण्याच्या पुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. स्लिप, क्रीप आणि पट्टा पुलीबाहेर जाणं, तिन्हींना मसुद्यात 'घसरणे' आलंय. तिन्हींचे उपाय वेगळे, म्हणून शब्दही वेगळे हवेत.

लालबागकर: पुलीबाहेर गेला तर 'पट्टा उतरला'. पुली फिरते आणि पट्टा मागे राहतो, तो 'घसरला'. उतरतो तेव्हा बहुधा दोन शाफ्ट (पुल्या बसवलेले दांडे) समांतर नसतात, नाहीतर पुलीचा फुगवटा झिजलेला असतो. सहा इंच रुंद पुलीचा मध्य कडांपेक्षा दीडेक मिलिमीटर उंच हवा. घसरतो तेव्हा ताण कमी असतो, पट्टा चकाकलेला असतो किंवा यंत्रात एकदम जास्त पेंढ्या गेलेल्या असतात.

शब्दप्रेमी: क्रीपला 'मंदसर्पण' घ्या. संस्कृतात सृप् म्हणजे सरकणं. अर्थही नेमका, कानालाही बरा.

लालबागकर: मंदसर्पण कुठलाही फिटर म्हणणार नाही. ओढणाऱ्या बाजूला पट्टा ताणतो, सैल बाजूला आखडतो, त्या फरकाने पुलीवर किंचित सरकतो. 'सरक' म्हणा. ही दुरुस्तीने जात नाही, हिशेबात धरायची. १२ इंची पुली ६५० फेऱ्यांनी ३६ इंचीला फिरवत असेल तर २१७ फेरे यायला हवेत. सरक आणि किरकोळ घसर मिळून दोन टक्के धरली तर २१२.

शब्दप्रेमी: फिटर म्हणत नाही म्हणून शब्द नाकारायचा, तर परिभाषा कधीच घडणार नाही.

कुर्ला वर्कशॉप: पुस्तिकेत राळ लावा असं असेल तर तिथे टीप द्या. राळेने घसर तेवढ्यापुरती थांबते, मग थर कडक होऊन पट्टा आणखी चकाकतो. कातडी पट्टा आधी पुसून स्वच्छ करा, एरंडेलाचा अगदी पातळ हात द्या, ताण पाहा. शक्य असेल तिथे सैल बाजू वर ठेवा, म्हणजे झोळ पडून पुलीला जास्त वेढा बसतो. आणि 'पुली' कशाला? 'कप्पी' आहे ना!

लालबागकर: कप्पी विहिरीवरची. ती खिळ्यावर मोकळी फिरते. पुली शाफ्टला चावीने, म्हणजे खाचेत ठोकलेल्या पाचरीने, पक्की असते. नागदेवी स्ट्रीटच्या यंत्रसामान बाजारात कप्पी मागितलीत तर दोराचीच मिळेल.

कुर्ला वर्कशॉप: मग लूज पुलीचं काय? तीही शाफ्टवर मोकळीच फिरते.

साचेखाते: ताडदेवला १८५६ साली मुंबईतली पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्यांत लाईन शाफ्टवरून (अनेक यंत्रांना फिरवणाऱ्या लांब दांड्यावरून) पट्ट्याने साचे, म्हणजे माग, चालत, तिथे फास्ट (शाफ्टला पक्की) आणि लूज (मोकळी) अशी पुल्यांची जोडी असे. साचा थांबवायचा तर पट्टा लूजवर सरकवायचा.

गिरगावची अनुवादक: मग हे 'सरकवणं' आणि क्रीपची 'सरक' यांत वाचकाचा घोटाळा होणार नाही का?

शब्दप्रेमी: म्हणूनच मंदसर्पण!

साचेखाते: लूज पुलीचं आधी ठरवा. तिला कप्पी म्हटलंत तर तेल देणं राहून जाईल, कारण विहिरीच्या कप्पीला कुणी रोज तेल देत नाही. लूज पुलीचा बुश (आतली नळी) कोरडा पडला की तो शाफ्ट धरतो आणि बंद केलेलं यंत्र आपोआप फिरू लागतं. कुट्टीच्या पात्यांजवळ हात असतो त्या वेळी.

कुर्ला वर्कशॉप: तेल द्यायचंच, त्यावर वाद नाही. पण मोकळी फिरते ती कप्पी, या लालबागकरांच्याच व्याख्येवर मी अजून ठाम आहे.