रिझोल्यूशनला मराठीत काय म्हणावं? (ठराव सोडून)

शाईचा_डाग:
स्कॅनिंगवरच्या एका लेखाचं मराठी करतोय. विषय असा की उत्तम प्रिंटसाठी फोटोग्राफरला स्कॅनरचं रिझोल्यूशन खरंच किती लागतं. कच्चा मसुदा कुणीतरी यंत्राकडून करून घेतला होता, त्यात वाक्य आहे: ‘स्कॅनरचा ठराव वाढवल्यास फाइल जड होते.’ तहकूब सभेचं इतिवृत्त वाचतोय असं वाटलं. मी ‘विभेदन’ केलं, तर संपादकबाई म्हणतात, त्यातून भेदभावाचा वास येतो. काय लिहू?

काना_मात्रा:
विभेदनच. दुर्बिणीची ‘विभेदनक्षमता’ कधीच रुळली आहे: चिकटून दिसणारे दोन तारे दोन म्हणून दिसणं. ‘भिद्’ म्हणजे फोडणे. बाईंना वास येतो म्हणून धातू बदलत नाहीत.

रिकामा_रोल:
स्कॅन करणाऱ्याला ‘तीन हजार विभेदनाने करा’ असं सांगून बघा, तो निगेटिव्हच परत देईल. टेबल, पेन, बटण पचवलं, आता रिझोल्यूशननेच अजीर्ण होणार आहे का?

जुनी_पाटी:
‘उकल’ कसा वाटतो? कुणाचं पत्र आलं की आजी कागद हातभर लांब धरायची, मग जवळ आणायची आणि म्हणायची, “अक्षर लागत नाही गं, तूच उकल.” स्कॅनरही तेच करतो ना? लॅटिन मुळातही सोडवणं, मोकळं करणं हाच अर्थ आहे म्हणतात.

काना_मात्रा:
उकल गुन्ह्याची होते, गणिताची होते. ‘२४०० ची उकल’ म्हटलं की चोरी सापडली असं वाटतं.

चौकट_छत्तीस:
शब्दावरून भांडण्याआधी कशाला नाव देताय ते तरी ठरवा. इथे एका शब्दाखाली दोन गोष्टी लपल्या आहेत.

पहिली नुसती मोजणी. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ × २४ मिमी. इंचाला ४००० नमुने घेतले तर साधारण ५६७० × ३७८० पिक्सेल मिळतात. प्रिंटला इंचामागे ३०० पिक्सेल धरले तर जवळपास १९ × १२.६ इंच. २४०० ने स्कॅन केलं तर ११ × ७.५ इंच. ३०० च का? चांगली नजर एका कलेइतकं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर ओळखते. २५ सेंमीवरून हे अंतर सुमारे ०.०७ मिमी भरतं, म्हणजे इंचाला साडेतीनशेच्या आसपास. हातात धरून बघायच्या प्रिंटला ३०० म्हणूनच पुरतात. तीच प्रिंट भिंतीवर लावून मीटरभरावरून बघणार असाल तर शंभरही खूप झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे स्कॅनरला खरोखर काय दिसतं. माझ्या फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० लिहिलंय. त्यावर १९५१ चा यूएसएएफ (अमेरिकी हवाई दलाचा) गटागटाने बारीक होत जाणाऱ्या रेघांचा तक्ता ठेवून आधी २४०० ने आणि मग ६४०० ने स्कॅन केला. ज्या गटात रेघा मिसळून राखाडी झाल्या, तो गट दोन्ही वेळा एकच. फाइल मात्र सातपट. भिंग, फोकस, काचेपासून फिल्मची उंची, यांपैकी काहीही घात करतं. म्हणून खोक्यावरच्या आकड्याला ‘नमुनाघनता’ म्हणा आणि जे प्रत्यक्ष सुटं दिसतं त्याला ‘विभेदन’. आणि फोटो काढतानाच हात हलला असेल तर दोन्ही शब्द वाया.

रिकामा_रोल:
अरे देवा. मी सगळे रोल ४८०० ने करून डिस्क भरून टाकलीय. पण ‘नमुनाघनता’ ऐकून बाई राजीनामा देतील हं.

शाईचा_डाग:
मूळ लेखात सगळीकडे डीपीआय आहे. ‘प्रतिइंच ठिपके’ चालेल का?

चौकट_छत्तीस:
ठिपके प्रिंटरचे. इंकजेटच्या १४४० किंवा २८८० या आकड्यात एकेका पिक्सेलसाठी अनेक ठिपके पडतात. स्कॅनर ठिपके टाकत नाही, नमुने उचलतो. अर्थात त्याच्या सॉफ्टवेअरमध्येही डीपीआयच लिहिलेलं असतं, त्यामुळे मी कितीही ओरडलो तरी काय उपयोग.

काना_मात्रा:
पिक्सेल नको, ‘चित्रबिंदू’ आहे. आणि ‘छायाचित्र’ लिहिलं असेल तर तेही बदला. फोटो म्हणजे प्रकाश, तेव्हा ‘प्रकाशचित्र’.

रिकामा_रोल:
झालं, निघाली गाडी.

जुनी_पाटी:
काना_मात्रा, छाया म्हणजे नुसती सावली नव्हे हो. संस्कृतात प्रतिबिंबालाही छायाच म्हणतात. शिवाय निगेटिव्हवर उजेड पडतो तिथेच काळं होतं, मग छायाचित्र म्हटलं तर बिघडलं कुठे?

काना_मात्रा:
मग पॉझिटिव्हला काय म्हणाल?

जुनी_पाटी:
त्यालाही छायाचित्रच. प्रतिबिंबाचं सांगितलं ना आत्ताच!

शाईचा_डाग:
मंडळी, लेख उद्या द्यायचाय. नाव ‘रिझोल्यूशन’च ठेवतो. चौकटरावांचा तो फरक आला की तेवढ्यापुरतं ‘विभेदन’ वापरतो, बाईंना सांभाळून घेईन.

काना_मात्रा:
ठेवा. पण ‘रि’ की ‘रे’? माझ्या मते रेझोल्यूशन.

रिकामा_रोल:
‘ल्यू’ तरी कशाला? रेझलूशन.