टीव्हीवर ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. उपाय काय?

रानजाई:

नमस्कार. प्रश्न टीव्हीचा आहे, पण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय तो नीट कळणार नाही, म्हणून जरा लांबण लावते.

माझ्या वडिलांना गेली सहा-सात वर्षं कमी ऐकू येतं. डाव्या कानाने जवळजवळ नाहीच, उजव्याने बरं. अर्धं बोलणं ते कानाने घेतात आणि अर्धं समोरच्याच्या ओठांवरून. माझी मुलगी शिकायला बाहेर असते. दर रविवारी ती आजोबांसाठी पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवते, कॅमेऱ्याकडे तोंड करून, सावकाश बोलून. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर तिचे ओठ बाबांना दिसत नाहीत, म्हणून मी तो टीव्हीवर लावते. फोनमधलं स्क्रीन मिररिंग (मिराकास्ट) चालू करते, यादीत टीव्हीचं नाव आलं की जोडते. बाबांसाठी टीव्हीला ब्लूटूथ हेडफोन जोडलाय.

चित्र मधूनच थिजतं, त्यावर चौकोन उमटतात, मग एकदम उडी मारून पुढे जातं. हे एकवेळ चालेल. पण आवाज ओठांच्या मागे राहतो, आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. खरं सांगायचं तर मला आधी ते जाणवलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "ओठांवरून मला एक शब्द कळतो तेव्हा कानात तिचा आधीचा शब्द असतो. दोन माणसं एकदम बोलल्यासारखं होतं." गेल्या रविवारी त्यांनी हेडफोन काढून बाजूला ठेवला आणि नुसते ओठ बघत बसले. ते बघून फार वाईट वाटलं.

मग मोजून पाहिलं. टाळी वाजवतानाचा व्हिडिओ काढला, तो टीव्हीवर लावला, आणि हेडफोनची एक बाजू दुसऱ्या फोनच्या माइकला चिकटवून त्या फोनने टीव्हीचं शूटिंग केलं, सेकंदाला ६० फ्रेम. नंतर संगणकावर एकेक फ्रेम पुढे सरकवली. तळवे एकमेकांवर आपटल्यापासून आवाजाचा टोकदार उंचवटा दिसेपर्यंत १४ फ्रेम गेल्या, म्हणजे साधारण २३० मिलिसेकंद. हेडफोन काढून टीव्हीच्या स्पीकरवर हेच केलं तर फक्त २ फ्रेम.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' सापडलं. पण ते शून्यावरून फक्त वर जातं, आणि वाढवलं की आवाज आणखी मागे पडतो. नवा राउटर घेऊ का?

पिंपळपान:

राउटर बदलण्याआधी फोन आणि टीव्ही दोन्ही ५ गिगाहर्ट्‌झवर टाकून बघा. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच असतात, १, ६ आणि ११, आणि सगळे शेजारी त्यातच दाटीवाटीने बसलेले. माझ्याकडे चित्र अडकणं एवढ्यानेच थांबलं होतं.

रानजाई:

धन्यवाद. काल केलं. चित्र थोडं सुधारलं, पण पूर्ण नाही. आवाज पुन्हा मोजला, तेच १४.

बिनतारी:

ताई, तुमच्या मोजणीतच उत्तर आहे. मी बरीच वर्षं सभागृहांमध्ये पडदे आणि ध्वनियंत्रणा बसवली आहे. आवाज मागे पडतो अशी तक्रार करणाऱ्याने स्वतः टाळी मोजून आणली असं क्वचितच झालं. म्हणून सविस्तर लिहितो.

ही दुखणी दोन आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मिररिंगमध्ये चित्र आणि आवाज एकाच गठ्ठ्यातून टीव्हीपर्यंत येतात. उशीर झाला तर दोघांनाही सारखाच होतो. म्हणून तर स्पीकरवर तुम्हाला २ फ्रेमच दिसल्या. उरलेल्या १२ फ्रेम, म्हणजे २०० मिलिसेकंद, टीव्हीपासून हेडफोनपर्यंतच्या ब्लूटूथने खाल्ल्या. आवाजाचे तुकडे करायचे, ते दाबायचे, पाठवायचे, आणि एखादा हरवला तर पुन्हा मागवता यावा म्हणून पलीकडे थोडा साठा धरून ठेवायचा, यात एवढा वेळ सहज जातो. राउटर हा त्या वाटेवर कुठेच नाही. सर्वात महागडा आणलात तरी १४ च्या १४ राहतील.

आधी चित्राचं बघू, ते सोपं आहे. तुमच्या टीव्हीचा पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा धरला आणि प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० फ्रेम असा हिशेब केला, तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट होतात. घरातल्या वायफायला हे झेपणारं नाही. म्हणून फोन आपला पडदा तिथल्या तिथे दाबून सेकंदाला ५ ते २० मेगाबिटपर्यंत आणतो. आता गंमत बघा: मुलीने पाठवलेला व्हिडिओ आधीच दाबलेला असतो. फोन तो उलगडून पडद्यावर दाखवतो, मग तोच पडदा घाईघाईने पुन्हा दाबून टीव्हीला पाठवतो. मिररिंगमध्ये उशीर कमी हवा म्हणून टीव्ही साठा जवळजवळ करतच नाही, त्यामुळे हवेत दोन-चार तुकडे हरवले की लगेच चौकोन दिसतात. शिवाय मिराकास्ट फोन आणि टीव्ही यांच्यात थेट दुवा बांधतो, आणि त्याच वेळी फोन राउटरलाही चिकटलेला असतो. ते दोन वेगळ्या चॅनेलवर असले तर फोनच्या एकाच रेडिओला इकडून तिकडे उड्या माराव्या लागतात.

'कास्ट' ही वेगळी गोष्ट आहे, नावांमुळे लोकांचा गोंधळ होतो. २०१३ मध्ये क्रोमकास्ट आलं तेव्हापासून बहुतेकांनी ते वापरलंय. त्यात फोन चित्र पाठवतच नाही. फक्त पत्ता सांगतो, अमुक व्हिडिओ अमुक ठिकाणी आहे. टीव्ही तो स्वतः आणतो, काही सेकंदांचा साठा करतो आणि मग दाखवतो. फोन बंद करून खिशात टाका, व्हिडिओ चालूच राहतो.

तुमच्यासाठी मी असं करीन: मुलीचे व्हिडिओ लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवा, तो घरच्या नेटवर्कवर शेअर करा, आणि टीव्हीवर व्हीएलसी (व्हिडिओ चालवणारं ॲप, म्हणजे प्लेयर) टाकून तिथून थेट उघडा. फोनवर काढलेला १०८० चा व्हिडिओ सेकंदाला १५-२० मेगाबिटच्या आसपास असतो, तेवढं वायफायला जड नाही. लॅपटॉप मात्र राउटरला केबलने जोडा. नाहीतर तोच डेटा लॅपटॉपकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे असा हवेतून दोनदा जातो, आणि तेवढ्याच हवेत दोघांना वाटणी करावी लागते.

आता आवाज. तो आधीच उशिरा आलाय, त्यामुळे आवाज मागे ढकलणारं सेटिंग तुमच्या काही कामाचं नाही. तुम्हाला चित्र थांबवून धरायचंय. मिररिंगमध्ये ते जमत नाही, कारण पुढची फ्रेम अजून आलेलीच नसते. फाईल हाताशी असेल तर जमतं. व्हीएलसीमध्ये ऑडिओ डिले ऋण करता येतो, −५०, −१००, असं ५० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी. (संगणकावर 'जे' आणि 'के' या कळा त्यासाठीच आहेत.) पण लगेच −२३० च्या मागे लागू नका. बरेच प्लेयर हेडफोनला किती उशीर लागतो ते यंत्रणेला विचारून चित्र आपणहून तेवढं थांबवतात. फोनवर ब्लूटूथ लावून व्हिडिओ बघताना ओठ जुळतात ते त्यामुळेच. म्हणून नव्या जोडणीत आधी डिले शून्य ठेवून टाळी मोजा.

किती फरक चालतो हेही लिहून ठेवतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीत असं दिलंय की आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की प्रेक्षकाला ते जाणवू लागतं. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कारण रोजच्या जगात आवाज नेहमी चित्राच्या मागूनच येतो. तीन मीटरवरच्या माणसाचा शब्द पोचायला ९ मिलिसेकंद लागतात. आधी आलेला आवाज मेंदूला पटत नाही. हे आकडे सर्वसाधारण प्रेक्षकांचे आहेत. तुमचे वडील ओठ वाचतात, तेव्हा अंतिम शब्द त्यांचा, मोजणीचा नाही.

धुके:

टीव्हीवर लॅपटॉपचं नाव दिसलं नाही तर घाबरू नका. टीव्ही राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर आहे का बघा. तिथे उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच व्यवस्था असते. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करा. आम्ही यात एक पूर्ण संध्याकाळ घालवली होती.

आणि मुलीला सांगा, व्हिडिओ चॅट ॲपमधून साधा पाठवू नकोस, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. साधा पाठवला की ॲप तो दाबून बारीक करतं. ओठांच्या कडा त्यातच पुसल्या जातात.

रानजाई:

बिनतारी, धुके, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. चार दिवस लागले, पण झालं. सांगते.

टीव्ही खरंच गेस्ट नेटवर्कवर होता! बसवून देणाऱ्याने तसाच जोडला होता. तो मुख्य नेटवर्कवर आणल्यावर लॅपटॉप लगेच दिसला. लॅपटॉप आता केबलवर आहे. रविवारचा व्हिडिओ बारा मिनिटांचा होता, एकदाही थिजला नाही. डॉक्युमेंट म्हणून मागवल्यामुळे तिच्या दातांची कडही दिसते. बाबांना 'त' आणि 'थ' मधला फरक ओठांवरून कधीच कळत नाही, तो कानानेच कळतो. पण 'प' आणि 'त' मधला आता लांबूनही कळतो, असं ते म्हणाले.

शून्य डिलेवर टाळी मोजली तर १४ च्या जागी ५ फ्रेम आल्या. म्हणजे ८३ मिलिसेकंद. तुम्ही म्हणालात तसं, प्लेयर बराचसा भाग आपणहून सांभाळतो. मग −१०० केलं. हिशेबाने ते जवळजवळ शून्यावर यायला हवं होतं, आलंही, आवाज जेमतेम एक फ्रेम पुढे. बाबांना मी काहीच न सांगता दाखवलं. ते म्हणाले, "आता बरं आहे, पण ती बोलायच्या आधीच बोलते." −५० केल्यावर त्यांनी हात वर केला, राहू दे म्हणून. त्यात आवाज दोन फ्रेम मागे आहे. तिथेच ठेवलंय.

बाबांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्यांदा मध्येच थांबवायला लावून म्हणाले, "हिने मागच्या वेळी परीक्षा बुधवारी सांगितली होती, आता गुरुवार म्हणते. विचार तिला." मागचा व्हिडिओ त्यांनी हेडफोन काढून बघितला होता, तेव्हा 'बुधवार' त्यांनी नुसता ओठांवरून उचलला होता. मी तिला विचारलं. परीक्षा खरंच एक दिवस पुढे गेली होती.

एक राहिलं. व्हिडिओ कॉल टीव्हीवर घेतला तर आवाज पुन्हा मागे पडतो. तिथे व्हीएलसी मध्ये येत नाही.

बिनतारी:

कॉल चालू असताना चित्र थांबवून धरलं तर संभाषणच लांबतं, दोघंही एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. तिथे ब्लूटूथच काढा. टीव्हीला हेडफोनचं छिद्र असेल तर लांब वायर घ्या. नसेल तर टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटला जोडायचा छोटा कन्व्हर्टर मिळतो, त्यातून वायर काढता येते. फक्त टीव्हीचा डिजिटल आवाज पीसीएमवर (म्हणजे न दाबलेल्या साध्या आवाजावर) ठेवा, नाहीतर कन्व्हर्टर गप्प बसतो. कमी उशिराचे ब्लूटूथ ट्रान्समीटरही असतात, पण ट्रान्समीटर आणि हेडफोन दोघांनाही तोच कोडेक (आवाज दाबायची आणि उलगडायची पद्धत) यायला हवा. एकाला येत नसेल तर दोघं साध्या कोडेकवर उतरतात आणि तुमच्या त्या १२ फ्रेम परत येतात.

रानजाई:

छिद्र आहे, मागच्या बाजूला. पाच मीटरची वायर मागवते. बाबांची खुर्ची साडेतीन मीटरवर आहे, भिंतीच्या कडेने फिरवली तरी पुरेल.

पिंपळपान:

माझ्याकडेही साउंडबार ब्लूटूथवर आहे आणि हे सगळं वाचल्यापासून मला तिथेही फरक दिसायला लागलाय. तुमची टाळीची फाईल इथे देता का?

रानजाई:

फाईलपेक्षा स्वतःच काढा, पाच मिनिटांचं काम आहे. हात छातीसमोर, बोटं कॅमेऱ्याकडे न करता तळव्यांची फट कॅमेऱ्याला दिसेल असे धरा, म्हणजे ते नेमके कोणत्या फ्रेमला भिडले हे कळतं. मागे उजेडी खिडकी नको. शूटिंग ६० फ्रेमने करा. ३० ने केलंत तर एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची होते आणि मोजणी भरड येते. आणि एक टाळी पुरत नाही. माझ्या पहिल्या दोन टाळ्यांमध्येच एका फ्रेमचा फरक आला होता, म्हणून मी दहा वाजवून मधली संख्या धरली.