ब्रिटिश ‘कुकर’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न:
मी नुकतीच ब्रिटनमध्ये भाड्याच्या घरात राहायला आले आहे. सामानाच्या यादीत ‘गॅस कुकर’ असे वाचून प्रेशर कुकर आयताच मिळाला या समजुतीने सगळी कपाटे धुंडाळली, पण तो सापडला नाही. शिवाय इथल्या पाककृतींत भांडे ‘ग्रिलखाली’ ठेवायला सांगतात. ग्रिल म्हणजे निखाऱ्यांवरची जाळी असेल, तर तिच्याखाली भांडे ठेवायचे कसे? ‘हॉब’ आणि ‘गॅस मार्क ४’ यांचाही कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद १:
आपण ज्याच्यासमोर उभ्या राहून स्वयंपाक करता, तोच कुकर! वर शेगडी, खाली ओव्हन आणि बहुधा ग्रिल, अशा अखंड उपकरणाला तिथे कुकर म्हणतात; शिट्टीचा कुकर हवा असेल तर ‘प्रेशर कुकर’ असेच म्हणावे लागते. हॉब म्हणजे केवळ वरची शेगडी, मग ती गॅसची असो वा इंडक्शनची, आणि ती ओट्यात वेगळीही बसवलेली असते. ग्रिलची आच मात्र वरून येते, म्हणून भांडे त्याच्या खाली ठेवायचे. अमेरिकी पाककृतींत यालाच ‘ब्रॉयलर’ म्हणतात. ग्रिल चालू असताना दार उघडे ठेवायचे की बंद, हे उपकरणागणिक बदलत असल्याने माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय तो पेटवू नये.

प्रतिसाद २:
गॅस मार्क हे ओव्हनच्या तापमानाचे आकडे आहेत. मार्क १ म्हणजे सुमारे १४० अंश सेल्सिअस, ४ म्हणजे १८० आणि ६ म्हणजे २००. मुळात ही पायरी २५ अंश फॅरनहाइटची असल्यामुळे सेल्सिअसमध्ये आकडे असे ओबडधोबड येतात. पंख्याचा विजेचा ओव्हन असेल तर साधारण २० अंश कमी ठेवावेत, म्हणजे मार्क ४ साठी १६०.

जाता जाता: कुणाकडे ‘आगा’ दिसला, तर त्यावर हे आकडे शोधू नयेत. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी १९२२ साली काढलेला हा बिडाचा अवजड कुकर पारंपरिक रूपात सतत तापलेलाच असतो, आणि आच कमी-जास्त करण्याऐवजी भांडेच एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवावे लागते.

मूळ प्रश्नकर्ती:
उभयतांचे आभार. ओव्हनच्या वरच्या लहान दारामागचा कप्पा ग्रिलचा निघाला. त्यात मी आठवडाभर ताटल्या रचून ठेवत होते. त्या आता बाहेर काढल्या आहेत.