मदत हवी आहे : मीठ आणि मॅग्नेशिअम ऑक्साइडचा द्रवणांक

अकरावीच्या मुलांना आयनिक संयुगं शिकवतेय आणि एका पोराच्या प्रश्नावर अडकलेय. मिठाचा द्रवणांक ८०१ अंश सेल्सिअस, मॅग्नेशिअम ऑक्साइडचा २८०० च्याही वर. दोघांची स्फटिकरचना एकच, प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे सहा आयन. म्हणजे रचनेचा फरक नाही. मी सांगितलं, प्रभार एकाऐवजी दोन-दोन, म्हणून आकर्षण चौपट; शिवाय आयन लहान, अंतर कमी (२८२ ऐवजी साधारण २१० पिकोमीटर). जालक ऊर्जाही (स्फटिक फोडून त्याचे आयन वायूसारखे पूर्ण सुटे करायला लागणारी ऊर्जा) तेच दाखवते : मिठाची सुमारे ७८७ किलोज्यूल प्रति मोल, ऑक्साइडची ३८०० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाचपट.

इथवर ठीक. पण त्याने दोन्ही द्रवणांक केल्व्हिनमध्ये काढून भागाकार केला (हुशार कार्टं!) आणि विचारलं, "मॅडम, हे तर तिपटीलाही पोचत नाही, पाचपट का नाही?"

वितळताना आयन वायूसारखे सुटे होत नाहीत, द्रवातही एकमेकांना धरूनच असतात, एवढं मला कळतं. एन्ट्रॉपी मुलांना अजून शिकवलेली नाही, त्यामुळे ते उत्तर चालणार नाही. फळ्यावर दहा मिनिटांत, चित्राने किंवा घरगुती उदाहरणाने, हे पटवायचं कसं? आणि 'जालक ऊर्जा जास्त तर द्रवणांक जास्त' हा नियम नेमका कुठपर्यंत सांगणं योग्य?