घड्याळ लावून अभ्यास: तुमचं काय झालं?

बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय, बेळगावात टिळकवाडीला खोली घेऊन. रोज आठ तास अभ्यास, असं घरी सांगतो. एक दिवस वहीत मिनिटं मांडत गेलो तर खरा अभ्यास भरला सव्वादोन तास. मग मित्राने पोमोदोरो सांगितलं. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने विद्यार्थी असताना, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावर ही पद्धत बसवली. पोमोदोरो म्हणजे टोमॅटोच. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं सुट्टी, चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी.

महिना झाला. फेरी जमते, सुट्टी जमत नाही! पाच मिनिटांसाठी उचललेला फोन पाऊण तासाने खाली ठेवतो. तुम्ही काय करता? उपदेश नको, घडलेलं लिहा.

खानापूर, दहावी
मला कन्नड नको वाटायचं. मराठी माध्यम, त्यात ती ओत्ताक्षरं. जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन खाली लोंबतं, आणि काहींचं खालचं रूप मूळ अक्षरासारखं दिसतच नाही. वही उघडली की झोप. आई विचारायची, "आभ्यास करूलालीस की झोपूलालीस गे?" २५ मिनिटं मला झेपली नाहीत, दहावर आणलं. तेही फोनवर नाही. पावसाळ्यात लाईट गेली, फोन बंद, तेव्हा देवघरातली उदबत्ती आणून अर्धी मोडून लावली. राख वाकून पडेपर्यंत लिहायचं. किती उरलंय ते मान न वळवता दिसतं, आणि उदबत्तीवर मेसेज येत नाही. लाईट आल्यावरही तेच चालू ठेवलं. आई उदबत्त्या मोजून ठेवते आता.

निपाणी, इंजिनिअरिंग
मला नाही जमलं. गणित ऐन रंगात येतं आणि बेल वाजते. मी ५० मिनिटांची फेरी करतो, पाठांतराला मात्र २५ बरी. सुट्टीत फोन वरच्या मजल्यावर. जिना चढायचा कंटाळा येतो, एवढंच त्यातलं शास्त्र.

टिळकवाडी, प्रश्न विचारणारा
आमच्या खोलीला वरचा मजला नाही की ओ!

वडगाव, बी.कॉम. दुसरं वर्ष
आमच्या घरातच दोन यंत्रमाग. खटखटीत बेल ऐकू येत नाही. लोकांना आवाजाने त्रास होतो, माझं उलटं: माग थांबला की मान वर होते. लाईट नसलेल्या दिवशी मला पुस्तक धरवत नाही, खरंच सांगतो. ताई बाजूला मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसते. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले तेव्हा तीच म्हणाली, माझी टोपली भरेपर्यंत तू उठायचं नाहीस. टोपली भरली की येऊन खांद्यावर थाप. सूत तुटत राहिलं की फेरी लांबते, तक्रार चालत नाही. सुट्टीत टोपली बाबांकडे पोचवायची आणि पाणी पिऊन परत, फोन हातात घ्यायला हातच मोकळा नसतो. दोन्ही विषयांत पास झालो.

ताईचं शिक्षण पीयूसीनंतर, म्हणजे बारावीनंतर थांबलं होतं. यंदा तिनेही बाहेरून फॉर्म भरलाय. संध्याकाळी ती पुस्तक घेऊन बसते, कांड्या मी भरतो. माझी टोपली लवकर भरत नाही, म्हणून तिचा अभ्यास जास्त होतोय.