द्राक्षाचा ऑनलाइन कोर्स दर सीझनला अपडेट करताना व्हर्जन कशी सांभाळता?

दिंडोरीची_बाग
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून मूडलवर (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) द्राक्षाचा मराठी कोर्स चालवतो, खरड छाटणीपासून पॅकिंगपर्यंत, शिकणारे बहुतेक निफाड-पिंपळगाव साइडचे. छाटणीचे धडे फारसे बदलत नाहीत, पण फवारणीचा धडा दर सीझनला बदलतो कारण युरोपला माल पाठवायचा तर अनेक्शर ५ ची, म्हणजे द्राक्षावर चालणाऱ्या औषधांची यादी नव्याने येते, कुठलं औषध निघालं, कशाचा पीएचआय (शेवटची फवारणी ते काढणी यात सोडायचे दिवस) बदलला ते सगळं. एक जण वर्डमध्ये बदलतो, दुसरा पीडीएफ करतो, तिसरा थेट मूडलवर टाइप करतो, मग खरी कॉपी कोणती? आणि बॅच अर्ध्यात असताना बदल करायचा का थांबायचं? गिट (फाइलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरा म्हणतात, पण व्हिडिओचं काय?

सातपूरचा_ट्रेनर
भाऊ, मी कंपनीत सेफ्टीचे कोर्स बघतो. आयएसओवाल्या कारखान्यात प्रत्येक एसओपीवर (काम करायच्या ठरलेल्या पद्धतीचा कागद) रिव्हिजन नंबर आणि तारीख असते, नवीन आली की जुनी मशीनवरून काढून घेतात. तुमच्याकडे तेवढंच नाहीये. पीडीएफच्या प्रत्येक पानाखाली व्हर्जन आणि तारीख टाका, शिवाय चालू यादीच्या पानाचा क्यूआर कोड, कारण व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ परत घेता येत नाही पण वाचणाऱ्याला निदान कळेल की ही मागच्या सीझनची आहे. आणि थेट मूडलवर टाइप करणं आधी बंद करा हो, बाकी सगळं नंतर.

गंगापूर_रोड_कोडर
वरच्यांशी सहमत. गिट २००५ मध्ये लिनक्सच्या कोडसाठी तयार झालं, त्याचा जीव साध्या मजकुरात आहे. वर्डची फाइल दिली तर ती ठेवेल, पण कुठली ओळ बदलली ते धड दाखवणार नाही. म्हणून धडे मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरातच मथळे-याद्यांच्या खुणा) लिहा, पॅनडॉक या फाइल बदलणाऱ्या प्रोग्रॅमने त्यातूनच वेब पान आणि वर्ड काढा, पीडीएफही निघते. औषधांचा तक्ता मात्र धड्यात लिहू नका, वेगळी सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) फाइल करा, एका ओळीत एक औषध. मग ३० दिवसांचा पीएचआय ४० झाला तर डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक) तेवढी एकच ओळ दिसते आणि कुणी, कधी, कशावरून बदललं ते कमिटमध्ये (बदल साठवताना होणारी नोंद) राहतं.

व्हिडिओ गिटमध्ये कोंबू नका, गिटच्या फाइली ऑनलाइन ठेवायची साइट गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही. मोठ्या फाइलींसाठी गिटचं एलएफएस आहे, पण तुमच्यासाठी व्हिडिओ बाहेर ठेवून फक्त लिंक गिटमध्ये ठेवणं पुरे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेऱ्यासमोर दिवसांचा आकडा बोलूच नका. फवारणी कशी करायची, नोझल कसा धरायचा ते दाखवा आणि आकड्याला "खालचा तक्ता बघा" म्हणा, नाहीतर एका आकड्यासाठी दर वर्षी अख्खा धडा परत शूट करावा लागेल.

दिंडोरीची_बाग
हे पटलं ताई, फवारणीच्या व्हिडिओत आकडे बोललेले आहेत, ते कट करतो. पण चालू बॅचचं?

गंगापूर_रोड_कोडर
बदल दोन जातीचे असतात दादा. धड्यांचा क्रम, नवीन क्विझ, चांगला फोटो हे पुढच्या बॅचला. प्रत्येक बॅच सुरू होताना गिटमध्ये टॅग (त्या वेळच्या व्हर्जनला नाव) लावा आणि मूडलमध्ये कोर्सचा बॅकअप रिस्टोअर करून त्या बॅचची वेगळी कॉपी करा. स्कॉर्म पॅकेज (बाहेर तयार करून मूडलमध्ये टाकलेला धड्यांचा संच) असेल तर चालू बॅचमध्ये ते बदलूच नका, धडे मागेपुढे झाले की अर्धवट असलेल्यांची प्रगती गडबडते.

पण यादीतून औषध निघालं किंवा पीएचआय वाढला तर त्याच दिवशी सगळ्या बॅचना, कोर्स संपवून गेलेल्यांनासुद्धा. जुन्या आकड्यावर कुणी फवारलं आणि लॅबमध्ये रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) जास्त निघाला तर त्याचा माल अडकतो, आणि तो आपल्याच कोर्सवर विसंबलेला असतो.

सातपूरचा_ट्रेनर
आणि निरोप पाठवताना नुसतं "कोर्स अपडेट झाला" नको, कुणी उघडून बघत नाही. औषधाचं नाव, जुना आकडा, नवीन आकडा, कुठल्या तारखेपासून, एवढं मेसेजमध्येच लिहा.