पंचगंगा घाट ते नरसोबावाडी, शिडाच्या बोटीने

प्रश्न: लेझर बोट आहे, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट, ४.२ मीटर. पाऊस संपला की ऑक्टोबरात पंचगंगेतून कृष्णेच्या संगमापर्यंत जायचंय. बंधारे कसे ओलांडायचे? डोलकाठी उतरवावी लागेल का?

उत्तर: वाटेत राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे सहा बंधारे लागतील. निघण्याआधी पाटबंधारे कार्यालयात विचारा, बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमध्ये पाणी अडवायला घालतात त्या फळ्या, घातलेत का? घातले असतील तर मागे पाणी तुंबून संथ आणि खोल मिळतं. नसतील तर दोन खांबांमधून पाणी जोरात ओढतं, बोट आडवी होऊन खांबाला चिकटते आणि हाताने निघत नाही. त्यातून जायचा विचारसुद्धा नको. बऱ्याच आधी काठ धरा. शीड-काठी सोडून नुसती बोट ५९ किलोची, चौघांनी उचलून खालच्या अंगाला न्या.

उत्तर: भावा, लेझरची डोलकाठी दोन तुकड्यांची, तिला ताणाचे दोर नसतात. सरळ वर उपसली की निघते. पुलांपेक्षा नदीवरच्या वीजतारा वाईट. काठी ॲल्युमिनियमची आहे, तार लांबून दिसली की लगेच उतरवा.

उत्तर: वाऱ्याचं कुणी बोललं नाही. तेव्हा वारा बहुधा पूर्वेचा, हलका, म्हणजे थेट तोंडावर. पात्र अरुंद, शिडाची बाजू सारखी बदलत नागमोडी जावं लागेल. दोन वल्ही हवीतच. जलपर्णी डॅगरबोर्डला (बोटीच्या मधून पाण्यात सोडलेली उभी फळी) आणि सुकाणूला गुंडाळते, बोट जड झाली की बोर्ड वर ओढून झाडा. आणि कृष्णेत मगरी आहेत. संगमाजवळ पाण्यात पाय सोडून बसू नका.